अक्का नव्हे, वरवंटा

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी देवी नाही. कुठल्या राजाने बक्षीस दिलेला दगड नाही आणि नदीच्या डोहात कुणाला दृष्टांत होऊन सापडलोही नाही. मी एक जुना वरवंटा आहे. पाट्यावर खोबरं, मिरच्या, लसूण वाटतात ना, तो. काळा, गुळगुळीत, मध्ये जरा पोट सुटलेला. एवढं साधं वाक्य बोलायला मला तोंड नव्हतं. म्हणून धारवाडच्या एका नाट्यगृहात मी वर्षानुवर्षं दोरीला लटकत राहिलो आणि भली शिकलेली माणसं मला हळदकुंकू वाहत राहिली.

देवाला हात जोडावेत, मित्रांनो. रोज जोडावेत. पण देव कुठला आणि स्वयंपाकघरातला वरवंटा कुठला, एवढं तरी बघून जोडावेत की नाही?

माझा जन्म अळणावर गावच्या रस्त्याकडेचा. तिथे वडारांची पालं पडत. त्यांतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने छिन्नी-हातोड्याने मला घडवलं आणि माझ्या जोडीचा पाटाही त्याच खडकातून काढला. आम्ही दोघं ज्या घरी गेलो, तिथे थोड्याच दिवसांत एक मुलगी जन्मली. तिच्या बारशाला मला पहिला मान मिळाला. तो मान काय असतो, ते तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो.

आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला न्हाऊ घालतात. त्याला टोपडं चढवतात, काजळाचा टिळा लावतात. मग बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि कृष्णाची नावं घेत त्याला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. शेवटी त्याला बाळाच्या उशाशी निजवतात. बाळ वरवंट्यासारखं टणक व्हावं, एवढीच त्यामागची इच्छा. मला त्या दिवशी फार संकोच वाटला होता. पण शेजारी ती इवलीशी मुलगी मुठी आवळून झोपली होती. तिचं नाव हेमावती ठेवलं. एका पाळण्यात झोपलेली आम्ही दोघं. तेव्हापासून ती माझी आणि मी तिचा.

हेमावतीचं लग्न झालं, तेव्हा आईने भांड्यांबरोबर पाटा-वरवंटाही दिला. आगगाडीने आम्ही धारवाडला आलो. जावई शेषगिरी शाळामास्तर, स्वभावाने गरीब. घर लहान, पण स्वयंपाकघराची खिडकी थेट नाट्य मंडळाच्या नाट्यगृहाच्या मागच्या दाराकडे उघडायची. त्या खिडकीपाशी बसून हेमावती वाटण वाटायची. लाल मिरचीचा रंजका, कारळ्याची चटणी, सणावाराला पुरण. पहाटे न्हाऊन, तुळशीपुढे दिवा लावून मगच ती मला हात लावायची. तिची मोठी मुलगी नेत्रा. तिच्या बारशालाही पाळण्यात मीच होतो. किती सुखाचे दिवस! तिखटाने अंग चरचरायचं, पण कामाला येत होतो.

आणि मग तो गोपाळ आला.

गोपाळ दिवसा छापखान्यात कामाला होता आणि संध्याकाळी मंडळाच्या नाटकांचा पडदा ओढायचा. सगळी गल्ली हेमावतीला अक्का म्हणायची, तसा तोही म्हणायचा. ब्याण्णव सालचा मार्गशीर्ष महिना होता. नाट्यगृहात पहिली घंटा झालेली, आणि गोपाळ खिडकीशी धापा टाकत उभा.

"अक्का, लौकर काहीतरी जड द्या री!"

"जड म्हणजे काय रे?"

"काय बी. दगड, धोंडा. दोरीला वाळूचं पोतं बांधलेलं असतंय, ते उंदरांनी कुरतडलं. सगळी वाळू खाली! वजन नसलं तर दोरी कप्पीवरून सटकती. पडदा वर कसा घेऊ?"

हेमावतीने इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पदराने मला पुसलं आणि उचलायला वाकली. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते, वरद पोटात होता. गोपाळ घाईघाईने म्हणाला, "अहो अक्का, तुम्ही उचलू नका असल्या दिवसांत. मी घेतो."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. साधं, काळजीचं वाक्य. त्याचं पुढे काय झालं, ते ऐकून तुम्हीही कपाळाला हात लावाल.

"सकाळी आणून दे हं, गोपाळ," हेमावती म्हणाली. "उद्या गुरुवार आहे, नैवेद्याचं पुरण वाटायचंय."

"सकाळी म्हणजे सकाळी. देवाशप्पथ!"

कुठली सकाळ, हे त्याने सांगितलं नव्हतं.

त्याने मला सुतळीच्या शिंक्यात घातलं आणि पडद्याच्या दोरीला बांधलं. काम सोपं होतं. गोपाळ दोरी ओढायचा-सोडायचा. पडदा वर गेला की मी खाली यायचो, पडदा खाली आला की मी वर जायचो. दोरी ताठ ठेवायची, बस्स. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला गंमतही वाटली. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशात, मी अधांतरी. एकीकडे राजवाड्यातला राजा आणि दुसरीकडे तोच राजा बनियनवर बसून चिवडा खातोय. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग निघाला, मग पुढच्या नाटकाची तालीम, मग स्पर्धा. हेमावती खिडकीतून हाक मारायची, "गोपाळ, वरवंटा?" आणि हा पठ्ठ्या, "उद्या, अक्का!"

वरद जन्मला. बारशाला हेमावतीने मला मागवलं, तर त्याच दिवशी प्रयोग. शेजारणीचा वरवंटा आणून पाळण्यात घालावा लागला. खिडकीतून पाळण्याचे सूर ऐकू येत होते आणि मी इथे दोरीला टांगलेला. वरद काही त्यामुळे कच्चा राहिला नाही, चांगला दांडगा झाला. पण हेमावतीच्या मनाला ते लागलं. ती कुणाला बोलली नाही. ती कधीच मोठ्याने बोलत नाही. पुढे शेषगिरी मास्तरांनी केलगेरीला तळ्याजवळ घर बांधलं. सामान हललं त्या दिवशी ती मला न्यायला आली, तर नाट्यगृहाला कुलूप, आणि किल्ली मंडळाचे अध्यक्ष मुकुंदराव वकील यांच्या खिशात, ते हुबळीच्या कोर्टात. पाटा एकटाच गेला. मी एकटाच राहिलो.

आता ऐका, रीतीभाती कशा जन्माला येतात ते. मी दोरीवरून सगळं पाहिलंय.

पूर्वी गोपाळला पडद्याची खूण शिट्टीने व्हायची. एका प्रयोगात नायकाचं काम करणारा बुवा विंगेत उभा राहून मजेत सिनेमाचं गाणं शिट्टीवर वाजवायला लागला. गोपाळने दोरी सोडली, आणि रंगमंचावर प्राण सोडणाऱ्या म्हाताऱ्या राजाच्या टकलावर पडद्याचा बांबू! तेव्हापासून ठरलं, विंगेत शिट्टी वाजवायची नाही. झालं, संपलं. पण चार वर्षांनी आलेल्या मुलांना काय सांगितलं? "शिट्टी वाजवली की नाट्यगृहातलं भूत जागं होतं." कसलं भूत? राजाचं टेंगूळ चांगलं आठवडाभर दिसत होतं!

शिट्टी बंद झाली, मग शब्दाची खूण आली. मला "अक्काचा वरवंटा" म्हणायचे. घाईत कोण एवढं म्हणणार? "अक्का खाली!" म्हणजे मी खाली, पडदा वर. "अक्का वर!" म्हणजे पडदा खाली. सोयीचं होतं. पण हेमावती केलगेरीला गेल्यावर नव्या पोरांना अक्का कोण, हेच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, अक्का म्हणजे मीच. कुणीतरी "अक्कम्मा" म्हणालं. मग एका नटीने नवस फेडायला म्हणून गुळेदगुड्डचा खण आणला आणि मला गुंडाळला. मित्रांनो, मी वरवंटा आहे. तो वरवंटा! मला चोळीचा खण! टोपडं घालून मी लाजलो होतो, पण ते मायेचं होतं. या खणात मला नुसता घाम फुटायचा.

नारळाचंही तसंच. प्रयोगाआधी रंगपूजेत नारळ फोडायला दगड सापडेना, तर जवळ मी होतो. माझ्यावर आपटला. पुढच्या वेळीही माझ्यावरच. मग ठरलं की नारळ अक्कांवरच फोडायचा, नाहीतर प्रयोगात विघ्न येतं. माझ्या पोटावर चीर गेली असती, पण वडाराचं काम पक्कं होतं.

आणि ते काळजीचं वाक्य? हेमावतीला गोपाळ म्हणाला होता, उचलू नका. पुढे एका मुलीने मला बाजूला करायला उचललं आणि मी तिच्या पायावर पडलो, अंगठा सुजला. गोपाळ ओरडला, "बायकांनी हात लावू नका, सांगितलंय ना!" त्याला म्हणायचं होतं, जड आहे. ऐकणाऱ्यांनी ऐकलं, विटाळ होतो. झाली रीत! माझ्याभोवती खडूची रेघ आली. बायकांनी रेघेबाहेर थांबायचं. ज्या हातांनी मला वर्षानुवर्षं धुतलं, पुसलं, फिरवलं, ते बायकांचेच हात होते. मला काय वाटत असेल, विचार करा!

गोपाळला सगळं ठाऊक होतं. पण मला हात लावायचा मान त्या एकट्याचा. मुख्य नटसुद्धा मेकप झाला की त्याच्या पुढ्यात येऊन "गोपाळण्णा, अक्कांचा अंगारा" म्हणायचे. छापखान्यात त्याला कुणी अण्णा म्हणत नव्हतं. तो गप्प राहिला. मी दोरीवर चडफडत राहिलो.

कळस केला मुकुंदरावांनी. मंडळाची स्मरणिका निघाली, तिच्यात त्यांनी माझ्यावर लेख लिहिला. मी म्हणे प्राचीन रंगपूजेतल्या विघ्नहर्त्या शिळेचा अवशेष, आणि माझा आकार म्हणे गूढ. गूढ! प्रेक्षागृहातली कुठलीही बाई सांगू शकली असती की हा वरवंटा आहे. पण बायका रेघेच्या पलीकडे, आणि खणाच्या आत बघतो कोण?

असं चालता चालता दोन हजार आठ साल उजाडलं. नेत्राला मुलगी झाली. बाळंतपण माहेरीच होतं, केलगेरीला. बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी तालीम चालू असताना मागच्या दारातून कुणीतरी आत आलं. चप्पल बाहेर काढून, पदर खांद्यावरून घेऊन. केस पिकले होते, पण चालणं तेच. माझ्या अंगावर काटा आला असता, दगडाला काटा येत असता तर.

"मुकुंदअण्णा," हेमावती हळू आवाजात म्हणाली, "ओळखलंत का? मास्तरांच्या घरची."

"अरे, वहिनी! या, या. बऱ्याच वर्षांनी. नाटकाचे पास हवेत काय?"

"पास नकोत. आमचा वरवंटा हवा होता. नेत्राच्या लेकीचं उद्या दुपारी बारसं आहे. वरदच्या वेळी राहून गेलं. या वेळी पाळण्यात तोच घालावा, अशी इच्छा आहे."

"वरवंटा? आमच्याकडे कुठला वरवंटा?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि दोन पावलं पुढे आली. नायिकेचं काम करणारी ज्योती धावत आडवी झाली. "अय्यो काकू, रेघेच्या आत नको! बायकांनी अक्कांना शिवलं तर प्रयोग पडतो."

"कोण अक्का?" हेमावतीने विचारलं.

"या की! आमच्या पडद्याच्या अक्का. जागृत आहेत."

हेमावतीने खणाकडे पाहिलं, कुंकवाच्या थरांकडे पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तिने ते आवरलं. "बाळ, गल्लीत अक्का मला म्हणायचे. आणि त्याच्यावर मी चटणी वाटलीय."

तालीम थांबली. मुकुंदराव घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, असेल तुमचा गैरसमज. मी यावर अभ्यास केलाय. आणि उद्या संध्याकाळी प्रयोग आहे. प्रतिष्ठापना झालेली देवता अशी हलवत नाहीत."

"सकाळी नेते, चारच्या आत परत आणून देते. मग तर झालं?"

ऐकलंत? मालकीण स्वतःचीच वस्तू उसनी मागत होती! आणि हे देत नव्हते!

"त्यापेक्षा मंडळातर्फे तुम्हाला नवा वरवंटा देतो. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात सुरेख मिळतात."

"नवा नको, अण्णा. नव्याला माझी आई ठाऊक नाही."

मग तिने गोपाळकडे पाहिलं. तो दोरी धरून उभा होता, नजर जमिनीला. "गोपाळ, तूच नेला होतास की. तू सांग यांना."

सांग, गोपाळ! मी शिंक्यात ताठ झालो. सांग!

गोपाळने डोकं खाजवलं. "लई वर्षं झाली, अक्का. मला... नीट आठवत नाही."

हेमावतीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. रागाने नव्हे, आणि तेच वाईट. "बरं," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. मला त्या वेळी मी खरोखरच देवी असतो तर बरं, असं वाटलं. एकेकाला दाखवलं असतं!

तालीम संपली. सगळे गेले. गोपाळ मात्र तिथेच पायरीवर बसून राहिला. दिवेलागणीच्या सुमारास त्याने कुठूनतरी एक पोतडी आणली. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथली वाळू तिच्यात भरली, तोंड शिवलं. मला शिंक्यातून काढलं, माझ्या जागी वाळूची पोतडी घातली, तिच्यावर खण गुंडाळला, कुंकू लावलं. मला नळाखाली धुतलं, पिशवीत टाकलं आणि केलगेरीची बस पकडली.

मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! किती वर्षांनी मी खाली-वर सोडून आडवा चाललो होतो. हेमावतीच्या अंगणात तुळशीपुढे दिवा होता. ती जपाची माळ घेऊन बसली होती. उघड्या दारातून मला आतलं स्वयंपाकघर दिसलं, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला माझा पाटा. इतकी वर्षं तिने त्याला दुसरा वरवंटा आणला नव्हता.

"अक्का, घ्या," गोपाळ पिशवी पुढे करत म्हणाला. "तिथं वाळू बांधून खण गुंडाळलाय. कुणालाबी कळायचं नाही."

तिने माळ पूर्ण केली, कपाळाला लावली, आणि मग म्हणाली, "मग मी नाही घेत."

"आं?"

"लेकराच्या उशाशी चोरीचा माल ठेवू? माझाच वरवंटा, तो मी चोरून घेऊ?"

"अक्का, तुमचीच वस्तू. त्यात कसली चोरी?"

"माझी आहे, तर दिवसाउजेडी दे की. सकाळी मी येते. सगळ्यांदेखत दे." मग जरा मऊ आवाजात, "जेवलास का? भाकरी आहे, बस."

तो जेवला. आणि जेवून मला परत घेऊन गेला! उंबऱ्याशी आलेला मी, पाटा डोळ्यांना दिसत असताना, परत बसमध्ये! हेमावतीचं व्रत, तिचा नेम, तिचं खरं, सगळं मान्य. पण त्या बसमध्ये मी तिच्यावरसुद्धा चिडलो होतो, खोटं कशाला सांगू? गोपाळने मला विंगेतल्या आपल्या स्टुलाखाली पिशवीतच ठेवलं आणि अंग टाकलं.

सकाळी मुकुंदराव लवकर आले. नव्या नाटकाची शेवटची तालीम होती. त्यांनी चपला काढल्या, वाळूच्या पोतडीपुढे डोळे मिटून उभे राहिले, पुटपुटले. नायकाने अंगारा लावला. ज्योतीने रेघेबाहेरून हात जोडले. "अक्का खाली!" पडदा झोकात वर गेला. "अक्का वर!" खाली आला. कप्पी कुरकुरलीसुद्धा नाही. मुकुंदराव प्रसन्न झाले. "बघा, काल कुणी काही बोललं, तरी अक्कांचा कोप नाही. कृपाच आहे."

मी स्टुलाखाली. बोला आता!

तेवढ्यात हेमावती आली. कालच्या जागीच उभी राहिली, रेघेबाहेर. "अण्णा, मी वरवंटा न्यायला आलेय."

"वहिनी, काल तुम्हाला—"

"वकीलसाहेब," गोपाळ मध्येच बोलला. "अक्का खरं बोलतात. मीच त्यांच्या खिडकीतून मागून आणला होता. उंदरांनी पोतं फाडलं म्हणून. सकाळी परत देतो म्हणालो होतो."

"काय बोलतोस, गोपाळ? अक्कांच्या देखत?"

"त्या अक्का नव्हेत." गोपाळने वाकून पिशवी ओढली आणि मला बाहेर काढलं. काळा, धुतलेला, उघडा. "हा वरवंटा. काल रात्रीपास्नं इथं स्टुलाखाली आहे. वर वाळू आहे, साहेब. तुम्ही सकाळी वाळूला नमस्कार केला."

त्याने खण सोडला. पोतडीचा शिवलेला कोपरा उसवला आणि त्यातून बारीक वाळूची धार मुकुंदरावांच्या पायावर पडू लागली. मग ज्योतीने तोंडावर हात घेतला, तरी तिचे खांदे हलत होते.

"आणि बायकांनी शिवू नये, ते?" तिने विचारलं.

"मी म्हणालो होतो, जड आहे," गोपाळ म्हणाला. "अक्का पोटुशी होत्या. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच की हो!"

मुकुंदरावांनी पाय झटकला आणि म्हणाले, "गोपाळ, तो कोपरा शिवून घे. संध्याकाळी प्रयोग आहे." मग हेमावतीकडे न बघता, "वहिनी, माझा लेख... तो छापून गेलाय हो."

"राहू द्या. चुलीला लागतो कागद," हेमावती म्हणाली. पण इतक्या सौम्यपणे म्हणाली की त्यांना ते टोचलं की नाही, कळलं नाही. ती रेघ ओलांडून आत आली, वाकली, आणि तिने मला दोन्ही हातांनी उचललं. तेच हात. ज्योती पुढे झाली, "काकू, जड आहे, मी घेऊ?" हेमावतीने मला आपल्याच पिशवीत ठेवलं, खण मात्र नीट घडी घालून ज्योतीच्या हातात दिला. "तू शिव याचं झबलं बाळाला. चांगलं कापड आहे."

निघताना मुकुंदराव म्हणाले, "बारशाला आम्ही आलो तर चालेल का?"

"या की. वस्तू न्यायला नका येऊ म्हणजे झालं. जेवायला या."

आले, मित्रांनो. सगळे आले. केलगेरीच्या त्या लहान घरात पाळणा टांगला होता. हेमावतीने मला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, टोपडं चढवलं, काजळ लावलं. बायका मला पाळण्याखालून-वरून फिरवू लागल्या आणि त्यांत ज्योतीही होती. शेवटी मला बाळाच्या उशाशी निजवलं. तिची मूठ माझ्या अंगाला लागली. हेमावतीची लागली होती तशीच.

आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं. नेत्रा हसून म्हणाली, "आई, आणि याला? एवढी वर्षं हा अक्का होता. याचंही नाव ठेवायला हवं."

हेमावती पाळण्यावर वाकली. माझ्या टोपड्याला तोंड लावून म्हणाली, "याला नाव आहे की. वरवंटा."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी माझ्या नावाने हाक मारली नव्हती.

आता मी पाट्यावर आहे. काल लसणाची चटणी झाली, आज एकादशी म्हणून विश्रांती. गोपाळ अधूनमधून येतो, भाकरी खाऊन जातो. तो सांगतो, रेघ पुसली. हल्ली पडदा ज्योतीही ओढते. खूण मात्र अजून तीच आहे, "अक्का खाली!" असू दे. त्यात निदान माझ्या हेमावतीचं नाव आहे.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली जुन्या वस्तू आणि जुन्या रीती येतील. त्या जपा. पण जपायचं म्हणजे त्यांना विचारायचं, बाई गं, तू इथे आलीस कशी? शेजाऱ्याची वस्तू आणलीत तर सकाळी परत द्या, आणि सकाळ म्हणजे दुसऱ्याच दिवशीची. ज्याचं जे काम आहे, ते त्याला करू द्या. वरवंट्याची खरी पूजा वाटणाने होते.

आणि एक काम कराल? परवा गोपाळ सांगत होता, त्या वाळूच्या पोतडीला कुणीतरी पुन्हा हळदकुंकू लावून गेलं. नाटक बघायला गेलात, तर मागच्या दाराने विंगेत डोकावून एवढं सांगा, की आत वाळू आहे. माझं कुणी ऐकत नाही.